सहा शांत महिने

जनेल फोर्जरॉनला आपल्या वाटेवरची एकशे ब्याण्णव घरं पाठ होती, आणि त्यांतल्या अकरा घरांचे संडासही.

ती टपाल वाटायची. नोव्हा स्कोशियाच्या टोकाला, एका लहानशा पुलाने जमिनीला जोडलेलं आयल मादाम हे बेट. ती तिथेच जन्मली, तिथेच वाढली. सकाळी आठला आरिशा गावच्या टपाल कचेरीत गठ्ठे लावायचे आणि दुपारी दोनपर्यंत गाडीतून डब्याडब्यात पत्रं टाकत फिरायचं. बाविसाव्या वर्षी, हॅलिफॅक्सला शिकायला असताना, तिला क्रोन झाला. आपलंच शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं, असा हा रोग. चार महिन्यांत चौदा किलो वजन उतरलं, शिक्षण सुटलं, ती घरी परत आली. पुढे औषधं लागू पडली. दर आठ आठवड्यांनी शिरेतून एक औषध आणि आठवड्यातून एकदा गोळ्या, एवढ्यावर आतडी बरीचशी गप्प राहिली. पण बरीचशी म्हणजे पूर्ण नव्हे. वाटेत कधी, कुठे, किती घाईने गाडी थांबवावी लागेल याचा नेम नसायचा. म्हणून ती अकरा घरं.

त्यांतलं सगळ्यात भरवशाचं घर लेऑन्स मार्शांचं. म्हातारा एक्याऐंशी वर्षांचा, एके काळी होड्या बांधायचा, आता एकटाच राहायचा. पहिल्यांदा ती पांढरीफटक होऊन त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्याने एकही प्रश्न विचारला नाही. "डावीकडे दुसरं दार," एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो टपालाच्या डब्यापाशी तिची वाट पाहत उभा.

"मागचं दार उघडंच असतं माझं," तो म्हणाला. "आणि संडासाची कडी नीट लागत नव्हती, ती बदललीय. आपलं सांगून ठेवतो."

एकोणतिसाव्या वर्षी जनेलने कॅलम बीटनशी लग्न केलं. कॅलम पुलापलीकडच्या कागद गिरणीत पाळ्या करायचा. उंच, सावकाश बोलणारा, आणि रागावला की आणखी सावकाश बोलणारा. आजाराचं सगळं तिने त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. तो सगळं ऐकून म्हणाला, "माझ्या बाबांना संधिवात होता. ते वर शिव्याही द्यायचे."

लग्नाला दोन वर्षं झाली आणि तिला बसायच्या जागी गळू झालं. ते फोडलं, पण भरेना. आतड्यापासून कातडीपर्यंत एक बारीक वाट पडून राहिली. भगंदर. हॅलिफॅक्सच्या डॉ. हेन्शॉ नावाच्या सर्जनने त्या वाटेतून एक मऊ रबरी दोरा ओवला आणि बाहेर त्याचं वेटोळं बांधून ठेवलं. वरचं तोंड मिटून आत पुन्हा पू साचू नये, झिरपत राहावं, यासाठी तो दोरा.

"किती दिवस ठेवायचा?" जनेलने विचारलं.

"बघू," डॉ. हेन्शॉ म्हणाले. ते एका वेळी एकच शब्द वापरणारे गृहस्थ होते.

पाच-सहा तास गाडीत बसून काम करणाऱ्या बाईला बसायच्या जागीच दोरा. तिने होडीतल्या एका जुन्या गादीला मध्ये भोक पाडून गाडीत टाकली. घरी ती उभ्याने जेवायची, उभ्याने टीव्ही पाहायची, फोनवर बोलताना स्वयंपाकघर ते पडवी अशा फेऱ्या मारायची. हळूहळू सवय अशी जडली की दुखत नसतानाही तिला एका जागी बसवेना. कॅलम म्हणायचा, "अगं, टेक की जरा." ती टेकायची आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत उठलेली असायची.

मुलाचा विषय नवरा-बायकोत तीनदा निघून गेला होता. डॉक्टरांपुढे काढायला मात्र तिला धीर होत नव्हता. ती बत्तीस वर्षांची झाली त्या सप्टेंबरात, तपासणी संपून कोट घालता घालता, ती एकदम बोलून गेली.

"मला मूल हवंय."

पोटाच्या डॉक्टर ओकाफोर यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "छान. कोट काढा आणि बसा परत."

"उभीच राहते."

"बरं, उभ्या राहा. पहिली गोष्ट, त्या आठवड्याच्या गोळ्या आजपासून बंद. पोटातल्या बाळाला त्या घातक. अंगातून त्यांचा अंश जायला तीन महिने तरी द्यायचे, तोवर दिवस जाता कामा नयेत. शिरेतलं औषध मात्र सोडायचं नाही. गरोदरपणातसुद्धा नाही."

"त्याने बाळाला काही होत नाही?"

"तुमचा रोग उसळला तर बाळाला जास्त होतं. फोलिक अॅसिड लिहून देते, नेहमीपेक्षा जास्त ताकदीचं. आणि मला सहा महिने हवेत. सहा शांत महिने. ताप नाही, रक्त नाही, नवं गळू नाही. मग मी तुम्हाला आनंदाने परवानगी देईन."

"सहाच ना?" जनेल म्हणाली. "चुटकीसरशी जातील."

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिने पेन्सिलीने रेघा मारायला सुरुवात केली. रोज एक. कॅलमला वाटलं होतं की एकदा तारीख ठरली की हिचा जीव थाऱ्यावर येईल. झालं उलटंच. आता प्रत्येक कळ ही कळ राहिली नाही, ती बातमी झाली. पोटात गुरगुरलं की ती डोळे मिटून उभी राहायची आणि मनातल्या मनात विचारायची, हे काय? कालचा कोबी, की रोग? दिवसातून चार वेळा ती कपाळाला हात लावायची, मग हात थंड आहे म्हणून तसं वाटतंय असं ठरवून तापमापक शोधायची. तिने कोबी सोडला, मग दूध, मग कॉफी. ऑक्टोबरात तिने माळा आवरला. नोव्हेंबरात तळघर. डिसेंबरात नाताळचे केक तिने इतके भाजले की शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटूनही उरले.

"मला एक सांग," कॅलम एकदा म्हणाला, "या सहा महिन्यांत शांत नक्की कोणी राहायचंय? आतड्यांनीच ना? मग तू का नाचतेस?"

"मी बसले की ऐकू येतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळंच."

जानेवारीच्या मध्यापर्यंत एकशे एकतीस रेघा झाल्या. त्या दिवशी सकाळपासून तिला डाव्या बाजूला काहीतरी तटतटल्यासारखं वाटत होतं. ती गादीवर उजवीकडे कलून गाडी हाकत राहिली. ताप नाही, ती स्वतःला सांगत होती; गाडीचा हीटर जास्त आहे. लेऑन्सच्या घरापाशी पोचेपर्यंत तिला हुडहुडी भरली होती. ती मागच्या दाराने आत गेली ती स्वयंपाकघरातच, टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पुढे पाऊलच टाकवेना.

लेऑन्स सूप ढवळत होता. त्याने वळून पाहिलं आणि गॅस बंद केला.

"कॅलम कुठाय?"

"गिरणीत. पाळीवर. काका, काही नाही, पाच मिनिटं थांबते आणि जाते. अजून साठ घरं राहिलीत."

"साठ घरांना आज बिलं नाही मिळाली तर कोणी रडणार नाही." तो कोट शोधायला लागला. "मागच्या सीटवर आडवी हो. मी चालवतो."

"तुम्हाला नीट दिसतं का पण?"

"रस्ता तेवढा दिसतो," तो म्हणाला.

पुलावरून पलीकडे, इस्पितळापर्यंतच्या तासभराच्या रस्त्याला त्याने पावणेदोन तास लावले. मागे ती कुशीवर पडून दात आवळत होती, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी भोंगा वाजवत पुढे जात होती. लेऑन्स दर वेळी हात वर करून त्या गाडीला नमस्कार करत होता. दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेने तिला हॅलिफॅक्सला नेलं. नवं गळू, नवी वाट. डॉ. हेन्शॉंनी दुसरा दोरा ओवला.

डॉ. ओकाफोर खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. "रक्त तपासलंय. त्या गोळ्या थांबल्या ना, त्यांचा शिरेतल्या औषधाला आधार होता. आता तुमच्या अंगात औषध पुरेसं टिकत नाहीये. यापुढे आठ नाही, पाच आठवड्यांनी घ्यायचं. तुमचं काही चुकलेलं नाही."

"आणि ते सहा महिने?"

"पहिल्यापासून."

घरी आल्यावर जनेलने ओल्या फडक्याने एकशे एकतीस रेघा पुसल्या. त्या पुसताना कपाटाचा रंगही थोडा निघाला.

कॅलमच्या आईचं नाव इफी. अडुसष्ट वर्षांची, पाच मुलं वाढवलेली, चर्चच्या प्रत्येक जेवणावळीत चहाची किटली हिच्याच हातात. ती वाईट नव्हती. पण तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आईला फार सांगायचं नाही, एवढंच कॅलमला माहीत होतं. सुनेला 'पोटाचा त्रास' आहे एवढ्यावर त्याने भागवलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी जेवताना इफीने बटाट्याचा वाडगा पुढे सरकवला आणि म्हणाली, "खा गं पोरी. अंगावर मूठभर मांस नसेल तर मूल राहणार कुठून? आणि सारखी उभी काय असतेस? माझ्या घरातल्या खुर्च्यांना काटे आहेत का?"

"आई," कॅलम म्हणाला.

"मी आपलं साधं विचारलं. तुझ्या वयाची असताना माझं चौथं झालं होतं. आजकालच्या मुलींना नोकरी, गाडी, मजा..."

जनेल भिंतीला टेकून उभ्याने कॉड मासा खात होती. तिने बशी टेबलावर ठेवली. आवाज झाला.

"इफी, सांगू का तुम्हाला मी का बसत नाही ते?" आणि तिने सांगितलं. आतडी, गळू, वाटा, दोरे, पू, दिवसाला चार पॅड, औषधाची सुई, पुसलेल्या रेघा. एक शब्द गाळला नाही. कॅलम मान खाली घालून काट्याने वाटाणे एका ओळीत लावत राहिला. "मजा करते ना मी? ही माझी मजा. मूल नको म्हणून नाही, इफी. मूल हवं म्हणून मी सहा महिने असं लटकत जगतेय!"

इफीचा चेहरा लाल झाला होता. शेवटी ती म्हणाली, "पण मग तू त्या टपालाच्या गाडीत बसतेस कशी गं?"

जनेलला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. इफी उठली, तिने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुलाकडे वळून म्हणाली, "आणि तू गाढवा! तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्या दिवसापासून इफी बदलली, आणि जनेलच्या दृष्टीने ते उलट जास्तच अवघड होतं. इफीने चर्चमध्ये तिच्या नावाने मेणबत्ती लावली. दर मंगळवारी ती फोन करून विचारायची, "कसंय आज? खालचं?" दुकानात भेटली तरी कुजबुजत तेच. आधी एकटी जनेल दिवस मोजत होती, आता दोघी मोजायला लागल्या.

कॅलम मोजत नव्हता. तो गप्प होत चालला होता. मे महिन्यात औषध घेऊन परत येताना त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला मूल नको," तो सावकाश म्हणाला.

"काय?"

"मला तू हवीस. त्या दिवशी गिरणीत फोन आला, लेऑन्सचा. मशीनच्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं. मला वाटलं तू गेलीस. चार-पाच मिनिटं मी तसंच समजून चाललो होतो, जनेल. मला परत ती पाच मिनिटं नकोत."

तिने दार उघडलं आणि खाली उतरली. रस्त्याच्या कडेने ती तरातरा चालत सुटली. तो मागून गाडी हळूहळू चालवत राहिला, काच खाली करून.

"आत बस."

"नाही."

"पाऊस येतोय."

"येऊ दे. दुखतं मला, दोरे मला, सुया मला, आणि दमलास तू?" ती थांबली, खिडकीशी वाकली. "घाबर. हवा तेवढा घाबर. पण माझ्या वतीने दमू नकोस. दमले की मी सांगेन."

आणखी थोडं चालून मग ती आत बसली. पुढच्या सोमवारी कपाटाच्या दारात त्या दिवसाची रेघ आधीच मारलेली होती, तिरकी, जाड, कॅलमच्या हातची.

ऑक्टोबर उजाडला. ताप नाही, रक्त नाही, नवं गळू नाही. सहा महिने केव्हाच उलटले होते, स्कॅनची तारीख मिळायलाच वर दोन महिने गेले. स्कॅन झाला आणि दोन्ही डॉक्टरांनी त्यांना एकाच खोलीत बोलावलं. आतडी शांत होती. पण दोन्ही वाटा तशाच उघड्या.

जनेल ठरवूनच आली होती. "आधी या वाटा बंद करा," ती म्हणाली. "दोरे काढा. मला अंग साफ हवंय. पाहुणा यायच्या आधी घर आवरतात ना, तसं."

डॉ. हेन्शॉंनी चष्मा काढला. त्या दिवशी ते चक्क वाक्यं बोलले. "करता येईल. जमायची शक्यता निम्मी धरा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर परत गळू, परत दोरा, आणि या बाई परत सहा महिने मागणार."

"मागणारच," डॉ. ओकाफोर म्हणाल्या. "जनेल, मला तुमची आतडी शांत हवी होती, ती आहेत. दोरे आहेत तिथे राहू देत. दोरा हा रोग नाही, दोरा पहारेकरी आहे. बाळंतपण सिझेरियननेच करू, म्हणजे खालच्या भागाला धक्का नको."

"दोरे घेऊन गरोदर?"

"हो."

"असं कोणी करतं का?"

"करतात."

ती सर्जनकडे वळली. "असा दोरा राहतो तरी किती वर्षं?"

"माझ्या एका पेशंटचा अकरा वर्षं आहे," डॉ. हेन्शॉ म्हणाले. "ती घोडे पाळते."

"पाळते, की बसतेही?"

"बसते."

कॅलमला हसू आवरेना. जनेल खिडकीपाशी गेली, परत आली. वर्षभर तिने एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं: आधी सगळं बरं होईल, मग पुढचं. आता कोणीतरी सांगत होतं की सगळं बरं व्हायची वाट पाहायचीच नाही. हे तिला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. शिडी चढता चढता मधल्याच पायरीवर कोणी 'इथेच उतर' म्हणावं, तसं झालं.

परतीच्या वाटेवर दोघं तळलेले मासे घ्यायला थांबली. तिने पुडकं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि उभ्यानेच खायला लागली. वारा बोचरा होता.

"तू काही बोलत नाहीस," ती म्हणाली.

"तूच म्हणालीस, तुझ्या वतीने दमू नकोस. मला वाटलं, तुझ्या वतीने ठरवूही नको."

तिने बोटं पुसली. "शस्त्रक्रिया नंतर. पस्तिशी जवळ येतेय, कॅलम, आणि मला परत एकदा ते कपाट पुसायचं नाही."

"मग?"

"मग काय, चल घरी."

घरी जाणं सोपं होतं, पुढचं तितकं नव्हतं. जवळ येणं हीसुद्धा आखून करायची गोष्ट झाली. कधी दुखायचं. कधी झिरपणं इतकं असायचं की तिला आपल्या अंगाला कोणाचा हात लागलेला नको व्हायचा, आणि तेव्हा ती उठून भांडी घासायची. कॅलम येऊन शेजारी भांडी पुसायचा. त्यातून गिरणीच्या पाळ्या. नेमक्या तारखांना तो कामावर, आणि सुट्टीला चुकीच्या तारखा. "गिरणीतला फोरमनसुद्धा इतकं वेळापत्रक लावत नाही," तो म्हणायचा. एक महिना गेला, दोन गेले, पाच गेले.

एप्रिलमध्ये लेऑन्सने घर विकलं. मुलगी त्याला मंक्टनला घेऊन चालली होती. शेवटच्या दिवशी तो डब्यापाशी उभा होता.

"मागच्या दाराला आता कुलूप लागेल गं," तो म्हणाला. "समोरच्या बाईला सांगून ठेवलंय तुझ्याबद्दल. तिचा संडास माझ्यापेक्षा चांगला आहे. फरशी खालून गरम होते."

त्याला मिठी मारून ती गाडीत बसली आणि पुढच्या तीन घरांचं टपाल तिने चुकीच्या डब्यांत टाकलं.

मेच्या अखेरीला पाळी चार दिवस लांबली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा तिने पहिलं काय केलं असेल, तर कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग कॅलमला दाखवलं. तो पट्टी हातात धरून म्हणाला, "आता तरी बसशील का?" ती बसली नाही. नऊ महिने ती कमीच बसली. दर पाच आठवड्यांनी औषध, मध्ये मध्ये रक्त, स्कॅन, दोन शहरांतल्या चार डॉक्टरांच्या तारखा. सातव्या महिन्यापर्यंत तिने टपाल वाटलं. पोटात बाळ हललं की आधी ते आतडंच वाटायचं. अर्ध्या मिनिटाने ओळख पटायची.

सिझेरियनची तारीख फेब्रुवारीतली. हवामानाची बातमी वादळ सांगत होती, पूल बंद होईल म्हणत होती, म्हणून चार दिवस आधीच तिघं हॅलिफॅक्सला निघाली. तिसरी इफी. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती ओटकेकचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर आधीच बसलेली होती. गुरुवारी सकाळी मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम, डोक्यावर ओल्या काळ्या केसांचा पुंजका, आणि आवाज असा की शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका म्हणाली, "ही टपाल वाटणार नाही, ही बातम्या देणार." नाव ठेवलं माइरी.

दोन महिन्यांनी लशींसाठी इफी बाळाला घेऊन आत गेली. जनेल बाहेर अर्ज भरत होती. आतून सासूचा आवाज आला. "नाही बाई. ते तोंडातून द्यायचे जिवंत लशीचे थेंब हिला चालत नाहीत. आईचं औषध पोरीच्या रक्तात आहे अजून. डॉक्टरांचा कागद वाचा. मी तीनदा वाचलाय." तिथल्या तरुण परिचारिकेने कागद वाचला, आणि थेंबांची बाटली बाजूला ठेवली. बाहेर आल्यावर इफी म्हणाली, "पोरगी चांगली आहे, पण घाईत असते."

माइरी सहा महिन्यांची झाल्यावर डॉ. हेन्शॉंनी जुनी वाट बंद करायची शस्त्रक्रिया केली. ती जमली. दुसरी वाट त्यांनी हात न लावता सोडून दिली. तो दोरा अजून आहे. "किती दिवस?" असं जनेलने या वेळी विचारलं नाही.

आणि मग डिसेंबरात, माइरीला दहावा महिना चालू असताना, तिला जुलाब झाले. एक दिवस, दोन दिवस. जनेल प्रत्येक लंगोट खिडकीशी उजेडात नेऊन पाहू लागली. तिसऱ्या दिवशी तिने कामावर रजा टाकली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरने पोर तपासली, वजन केलं.

"दात येताहेत आणि साधा विषाणू आहे. गावभर चालू आहे. पाणी पाजत राहा."

"मला क्रोन आहे," जनेल म्हणाली.

"मी वाचलंय."

"हिलाही असू शकतो."

"कधीतरी, असू शकतो. बहुतेक नसेल. आज तरी दात आहेत."

ती घरी आली आणि कडेवर माइरीला घेऊन फेऱ्या मारू लागली. कॅलम पाळीवरून आला, बूट काढता काढता म्हणाला, "अगं, बाळं हगतात. तेवढं एकच काम असतं त्यांना."

"मला कधी कळणार रे, की हिला काही नाहीये म्हणून?"

कॅलमने दुसरा बूट काढला. त्याने खोटं बोलायचा विचार केला असावा, कारण तो जरा थांबला. "नाही कळणार," तो म्हणाला. "आण इकडे तिला."

त्याने मुलीला घेतलं. जनेल ओट्याला टेकून उभी राहिली, हात मोकळे, काय करावं ते न सुचून.

चौथ्या दिवशी सकाळी लंगोट साधा, घट्ट, पिवळसर निघाला. जनेल तो तसाच उघडा घेऊन स्वयंपाकघरात आली. कॅलम दलियाचा चमचा तोंडाशी नेत होता.

"हे बघ!"

"खातोय मी."

"नाही, बघ तर!"

त्याने पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा खायला लागला. तिने इफीला फोन लावला. इफीने सगळं तपशिलात विचारून घेतलं, रंगासकट. मग जनेलने घड्याळ पाहिलं, कोट एका बाहीत घालतच गाडी काढली, आणि वीस मिनिटं उशिरा कचेरीत पोचली. गठ्ठे तिची वाट पाहत पडले होते. नाताळचा आठवडा होता, आणि प्रत्येक डब्यात काही ना काही टाकायचं होतं.